डबीतली काठीवाली

१

सोमवारी सकाळी साडेनऊला माझ्या लेकीने गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी उघडली आणि आत नुसता कापूस होता.

"बाबा, काठीवाली कुठाय?"

मी पेपर वाचत होतो. "कुठली? घरात दीडशे तरी असतील."

"मूळ. आईची."

मी पेपर खाली ठेवला.

लेक आणि जावई टेबलावर मांडून खेळायचा एक खेळ तयार करत होते. जुन्या इमारतीत भुतं जागा अडवून बसलीत आणि रहिवाशांनी त्यांना हुसकावून लावायचं, असा खेळ. प्रत्येक खोक्यात बोटाएवढ्या चोवीस आकृत्या. खेळ तयार व्हायच्या आधीच तीनशे साठ लोकांनी इंटरनेटवर पैसे भरून तो मागवला होता, आणि त्यातूनच तो बनत होता. घरात आम्ही त्यांना 'आगाऊ मंडळी' म्हणायचो. त्यांना दिलेली तारीख दोनदा पुढे गेली होती. तिसरी येत्या शनिवारची होती.

चोवीसपैकी तेवीस आकृत्या लेकीने कॉम्प्युटरवर घडवून थ्रीडी प्रिंटरवर काढल्या. चोविसावी माझ्या बायकोने हाताने केली. तारेच्या सांगाड्यावर पुट्टी चढवायची आणि ती ओली असतानाच सुईने कोरायची, असं तीन आठवडे चाललं होतं. स्टुलावर बसून काठी उगारणारी बाई. खेळातली सगळी भुतं तिला टरकून असतात. बायको म्हणायची, ही तुमची आई. मी म्हणायचो, आरशात बघून केलीस. वाद मिटायच्या आत, मार्चमध्ये, ती गेली.

मूळ आकृतीवरून रबराचा साचा करतात आणि साच्यात पातळ रेझिन ओतून करड्या रंगाच्या नकला काढतात. एका साच्यातून साठेक नकला निघतात, मग तो फाटतो. काठीवालीचा पाचवा साचा त्या सकाळी फाटला, तीनशे सहाव्या नकलेला. अजून चोपन्न हव्या होत्या. त्यासाठी नवा साचा हवा, आणि साच्यासाठी मूळ हवी; नकलेवरून साचा केला तर बारकावे बुजतात.

मला ती वेगळ्या कारणासाठी हवी होती. लेकीने कबूल केलं होतं, "शेवटचा साचा झाला की ती तुमची, बाबा." बायकोने हाताने केलेली तेवढी एकच वस्तू घरात उरली होती. स्वेटर विणायचा तिला कंटाळा यायचा.

कपाटाचं कुलूप फुटलेलं नव्हतं. गेल्या आठवड्यात बाहेरचं कुणी मागच्या, ओतकामाच्या खोलीत गेलं नव्हतं. मी घरातली माणसं मोजली. मला सोडून चार.

२

पहिला नंबर बुडबुड्यांचा. हे आमचे ओतकाम करणारे. खरं नाव वेगळं, पण रेझिनमध्ये हवेचा बुडबुडा राहिला की ते दिवसभर जेवत नाहीत, म्हणून हे नाव पडलं. चहासुद्धा आधी उजेडाकडे धरून बघतात.

"बुधवारी ती तुमच्याकडे होती," मी म्हटलं.

"होती. काठीच्या टोकाचा टवका उडाला होता. तो भरला. वरून करड्या प्रायमरचा फवारा मारला. सगळा रंग एक झाला की खोट असली तर दिसते. आणि डबीत ठेवली."

"लगेच?"

"लगेच. तुमची शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या."

त्यांनी घेतली नाही. मी डबी उघडून कापूस त्यांच्यापुढे धरला. पांढराशुभ्र होता.

"प्रायमर वाळायला किती वेळ लागतो?"

"अर्धा तास."

"आणि ओली असताना कापसात ठेवली तर?"

"छे! अंगभर कापूस चिकटेल. बाईची मेंढी होईल."

"मग तुम्ही ठेवलीत कशी?"

बुडबुड्यांनी डबीचं झाकण लावलं. मग हळूहळू बाहेर आलं. ती त्यांनी खिडकीजवळच्या ट्रेमध्ये वाळत ठेवली होती. जेवून आले तर नव्हती. त्यांना वाटलं, लेकीने उचलून आत ठेवली असेल. विचारलं असतं तर 'उघड्यावर टाकून गेलातच कसे' म्हणून बोलणी बसली असती. म्हणून त्यांनी रिकामी डबी बंद करून कपाटात ठेवून दिली.

"ट्रेमध्ये आणखी काय होतं?"

"नकला. वीसेक. कापून, घासून ठेवलेल्या."

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा खोलीत कोण आलं?"

"मी जेवत होतो, मला काय माहीत?" त्यांनी डोकं खाजवलं. "पण परत आलो तेव्हा स्टुलावर चष्म्याचं घर पडलं होतं."

"कुणाचं?"

"मावशींचं."

३

मावशी म्हणजे लेकीची मावशी, माझी मेहुणी. तीस वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासनीस होती. शर्टाचा एक टाका सुटला तरी शर्ट परत. आता ती आमच्याकडे आकृत्या तपासते आणि खोकी भरते. खरं तर बहीण गेल्यावर तिला घरी बसवत नव्हतं आणि आम्हाला एकटं सोडवत नव्हतं.

"बुधवारी दुपारी मागच्या खोलीत गेली होतीस?"

"रोजच जाते. काम आहे माझं."

"मूळ काठीवाली पाहिलीस?"

तिने हातातली नक्कल खाली ठेवली. "भावोजी, तुम्ही माझ्यावर आळ घेताय?"

"विचारतोय."

"विचारताय कसले? बुडबुड्यांनी सांगितलं असणार. स्वतःचं नाक साच्यात बुडवून बसतात आणि दुसऱ्याकडे बोट दाखवतात!"

"बाई, तुझं काम काय ते सांग मला. नीट."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? घासलेल्या नकला भिंगाखाली धरायच्या. वाईट त्या फेकायच्या. बऱ्या त्या भरायच्या. उत्तम त्या बाजूला काढायच्या."

"उत्तम कुणासाठी?"

"लाल ठिपक्यांसाठी. ते जावईबापूंना विचारा, त्यांची भानगड आहे ती." बोलता बोलता तिने खुर्चीवरची पर्स मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"पर्समध्ये काय आहे?"

"बायकांच्या पर्समध्ये बघतात होय?"

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. आमच्याकडे नुसतं बसलं की काम लवकर होतं. मिनिटभराने तिने चेन उघडली आणि रुमालाची एक छोटी पुरचुंडी टेबलावर ठेवली. पुरचुंडीतून काठी बाहेर आली होती.

४

मी भिंग घेतलं. काठीवालीच्या नाकाच्या शेंड्यावर खसखशीएवढा खड्डा होता.

"ही नक्कल आहे," मी म्हटलं. "बुडबुडा राहिलेली."

"मग मूळ आहे असं मी कुठे म्हटलं? फेकायच्या डब्यात होती." मेहुणीने डोळे पुसले. "नाक बसकं आलं म्हणून ताईला डब्यात टाकू?"

"पण ती तर मला म्हणायची, ही तुमची आई."

"तुमची आई असती तर टाकली असती."

मी पुरचुंडी परत बांधून तिच्या पर्समध्ये ठेवली.

जावई हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसला होता. भोवती खोकी छपराला टेकली होती. गुरुवारी त्यातली पहिली एकशेवीस कुरियरने गेली होती. मी जवळ गेलो तसा त्याने लॅपटॉप खटकन मिटला.

"काय लपवताय, जावईबापू?"

"काही नाही, बाबा. पत्ते बघत होतो."

"पत्ते बघताना माणसाला घाम येत नाही. लाल ठिपका म्हणजे काय?"

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. लेक तिथे भांडी आपटत होती. "हळू बोला," तो म्हणाला. "आगाऊ मंडळींपैकी नऊ जण अतिशय कटकटे आहेत. उशीर झाला की लिहितात, वेळेवर कळवलं तरी लिहितात. त्यांच्या पत्त्यावर मी लाल ठिपका मारलाय. मावशींना सांगितलं, चुरगळलेला पुठ्ठा नको, उत्तमातली उत्तम आकृती त्यांच्या खोक्यात."

"म्हणजे जो गोड बोलतो त्याला साधी आणि जो शिव्या देतो त्याला उत्तम?"

"सगळे असंच करतात, बाबा."

"ती नऊ खोकी कुठायत?"

"गुरुवारीच पाठवली. सगळ्यात आधी. त्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून."

"झाली?"

जावयाने लॅपटॉपवर हात ठेवला. "एकाचं नाही झालं. हिला सांगू नका. आई गेल्यापासून तिला झोप नाही, त्यात हे वाचलं तर रडेल. म्हणून सगळ्या तक्रारी मी परस्पर मिटवतो."

"उघडा तो."

५

तक्रार 'काटेकोर' या नावाने आली होती. पत्त्यावरून कळत होतं की गृहस्थ बसने दोन तासांवर राहतात. आजवरची ही त्यांची एकेचाळिसावी तक्रार. जावयाने ती मोठ्याने वाचली.

"'खोकं शनिवारी मिळालं. सर्व आकृत्या व्हर्नियरने मोजल्या. पुस्तिकेत प्रत्येकीची उंची छापली आहे. चोवीसपैकी तेवीस आकृत्या त्या मापाला दोन ते चार दशांश मिलिमीटर कमी भरतात. फक्त क्रमांक चोवीस बरोबर बासष्ट मिलिमीटर आहे. एक जमते तर तेवीस का जमल्या नाहीत, याचा लेखी खुलासा करावा.'" जावई हसायला लागला. "माणसाला काय उद्योग आहेत बघा! केसाएवढा फरक—"

"चोवीस नंबर कोण?"

"काठीवाली."

मी उठलो. "सगळ्यांना बोलवा. आणि माझी व्हर्नियर आणा, पलंगाखालच्या पेटीत आहे."

पाच मिनिटांत सगळे हॉलमध्ये जमले. खुर्च्यांवर आकृत्या होत्या, म्हणून मंडळी उभीच राहिली. मी घरातली एक काठीवाली व्हर्नियरमध्ये धरून लेकीला वाचायला सांगितलं.

"साडेएकसष्ट."

"दुसरी घे."

"साडेएकसष्ट." तिने आणखी चार मोजल्या. सगळ्या साडेएकसष्ट. "पण पुस्तिकेत बासष्ट आहे."

"पुस्तिकेत मापं कुठून घातली?"

"तेवीस कॉम्प्युटरमधून," जावई म्हणाला. "काठीवालीचं आईंनीच मोजून दिलं होतं."

"म्हणजे सगळी मापं मुळांची. नकला कुणी मोजल्याच नाहीत. मी चाळीस वर्षं ओतशाळेत लाकडी नमुने केले. ओतलेली वस्तू थिजताना आटते. लोखंड आटतं, पितळ आटतं, हे रेझिनही आटतं. म्हणून आमचा नमुना नेहमी थोडा मोठा करायचा. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण मला विचारलं कुणी?"

"तुम्ही पेपर वाचत होतात," लेक म्हणाली.

"ते असू दे. आता त्या माणसाच्या खोक्यातल्या तेवीस आकृत्या आटलेल्या आहेत. बरोबरच आहे, त्या ओतलेल्या आहेत. चोविसावी आटलेली नाही. का नाही?"

मग मेहुणीने तोंडावर हात ठेवला.

"अगं बाई! बुधवारची ती! इतकी नितळ होती, चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. मी चष्मा पुसून दोनदा बघितली. म्हटलं, आज बुडबुड्यांचा हात बसला! आणि त्या मेल्या काटेकोराच्या खोक्यात घातली."

"जी आटली नाही ती ओतलेली नाही," मी म्हटलं. "बुडबुड्यांनी मूळ रंगवून नकलांच्या रंगाची केली आणि नकलांच्याच ट्रेमध्ये वाळत टाकली. हिने भिंगाखाली सगळ्यांत सुरेख म्हणून उचलली. जावईबापूंच्या नियमाप्रमाणे सगळ्यांत सुरेख ती सगळ्यांत कटकट्याला गेली. चोरी कुणीच केली नाही. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं."

"फोन करू त्यांना?" लेकीने चप्पल पायात घातलीसुद्धा होती.

"ते फोन घेत नाहीत," जावई म्हणाला. "लेखी मागतात."

"तू थांब," मी लेकीला म्हटलं. "साच्याची तयारी कर. मी जातो."

६

काटेकोर चष्म्याच्या काचा घासणारे निघाले. दुकान एवढंसं, भिंतीभर रिकाम्या फ्रेमी, जणू पन्नास माणसं चेहरे घरी विसरून आली होती. ते माझ्याच वयाचे असतील. काठीवाली त्यांनी काउंटरवर काचेखाली एकटीच ठेवली होती. बाकीच्या तेवीस मागे एका ताटात, शिक्षा झाल्यासारख्या उभ्या होत्या.

मी कोण ते सांगितलं.

"खुलासा आणलाय?" त्यांनी विचारलं.

"तोंडी आहे."

"लेखी हवा."

"आधी ऐका, मग लिहून देतो." मी त्यांना आटण्याचं सगळं सांगितलं. आमच्या ओतशाळेत मोजायची पट्टीच वेगळी असे, खऱ्या पट्टीपेक्षा जराशी लांब, म्हणजे नमुना आपोआप तेवढा मोठा व्हायचा, हेही सांगितलं. ते काउंटरवर ओणवे झाले.

"म्हणजे पट्टीच खोटी?"

"खोटी नाही. पुढचं बघून आखलेली."

"वा!" ते म्हणाले. एकेचाळीस तक्रारी लिहिणारा माणूस इतका खूश होतो हे जावयाला सांगूनही पटलं नसतं. मग ते सावध झाले. "पण तुम्ही आलात कशाला?"

"ती परत न्यायला. चुकून आलीय. ती मूळ आहे." मी खिशातून नक्कल काढली. "बदल्यात ही. आमच्याकडची सगळ्यात चांगली."

त्यांनी लगेच मोजली. "साडेएकसष्ट. छापलंय बासष्ट. अहो, अख्ख्या खोक्यात तुम्ही एकच गोष्ट बरोबर पाठवलीत आणि तीच परत मागता?"

"तिच्याशिवाय चोपन्न माणसांची खोकी अडलीत."

"ती त्यांची तक्रार. त्यांनी लिहावी."

मी काचेतून काठीवालीकडे बघत राहिलो. काठी माझ्याच दिशेने उगारलेली होती.

"केलीय कुणी?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बायकोने."

"त्यांना सांगा, हात फार स्वच्छ आहे."

"सांगता यायचं नाही. मार्चमध्ये गेली."

त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढून पुसला. मग काच उचलून काठीवाली उलटी केली आणि मला डोळ्याला लावायचं भिंग दिलं.

"स्टुलाच्या बुडाला बघा."

मी पाहिलं. बुडाला अंगठ्याचा ठसा होता. पुट्टी ओली असताना आकृती उचलून धरली असणार. अर्धाच ठसा, पण रेषा सगळ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट. नकलांमध्ये तो नसतो. रेझिन बुडाकडूनच ओततात आणि नंतर ती जागा कानशीने घासून सपाट करतात. मुळाला पाच साचे झाले, मी रोज त्या खोलीत बसलो, पण तिला उलटी करून कधी पाहिलं नव्हतं.

"खरं तर हा दोष आहे," काटेकोर म्हणाले. "तक्रारीत घालायला हवा होता. घातला नाही."

"का?"

"तेवढं कशाला लिहायचं, वाटलं." त्यांनी काठीवाली टिश्यूत गुंडाळली आणि एका चष्म्याच्या घरात ठेवून माझ्यापुढे सरकवली. "पण मापं चुकीची छापली हे लेखी हवं. सहीसकट."

मी लिहून दिलं. तारीखही घातली. त्यांनी एक शुद्धलेखनाची चूक दाखवली, ती दुरुस्त करून तिथेही सही केली.

७

परतीच्या बसमध्ये चष्म्याचं घर मी हातात धरून बसलो होतो. खिशात ठेवायचा धीर झाला नाही. अर्ध्या वाटेवर मनात आलं, सांगावं की माणूस भेटलाच नाही. साच्यातून काढताना काठी मोडते, कधी बोटं मोडतात. चाळीस वर्षांत माझे किती नमुने असे गेले असतील. चोपन्न माणसांना पैसे परत करता येतात. चार थांबे मी हाच विचार केला. पाचव्याला लेकीचा फोन आला. तिने काठीवालीबद्दल काही विचारलंच नाही.

"बाबा, जेवलात का?"

"नाही."

"मग लवकर या."

घरी गेल्यावर चष्म्याचं घर तिच्या हातात दिलं. तिने आधी मला जेवायला वाढलं, मग ते उघडलं.

साचा मात्र मी स्वतः ओतला. बुडबुड्यांना फक्त बुडबुडे बघायला उभं केलं. रबर घट्ट व्हायला पूर्ण दिवस लागतो. मंगळवारी सकाळपासून मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. मेहुणी दर तासाला येऊन विचारायची, "आत कशी आहे?" जणू ऑपरेशन चाललं होतं. संध्याकाळी पाचला मी पात्याने साचा चिरला. काठी मोडली नाही. शुक्रवारपर्यंत चोपन्न नकला निघाल्या. जावयाने यादीतले लाल ठिपके काढून टाकले. मग मेहुणी उत्तमाखालची आकृती कुणालाच देईना, त्यामुळे बुडबुडे रोज उपाशी राहिले. शनिवारी शेवटचं खोकं कुरियरवाला घेऊन गेला.

"घ्या, बाबा," लेक म्हणाली. "तुमची."

मी ती खिडकीपाशी नेऊन उलटी केली आणि ठशावर माझा अंगठा ठेवून पाहिला. माझा अंगठा मोठा. तिचा ठसा पार झाकला गेला. म्हणून मी अंगठा उचलला आणि नुसता बघत बसलो.